कोविडनंतर उभं राहिलं की धडधड, काम केलं की दोन दिवसांनी आडवे. कोल्हापुरात नेमकं कुणाकडं न्यावं?

बावड्याची_सून

नमस्कार. जरा लांबलचक लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणी नीट उत्तर देऊ शकणार नाही.

माझे मिस्टर, वय ४३, शिरोली एमआयडीसीत व्हीएमसी (धातू कापणारं कॉम्प्युटरचं मशीन) ऑपरेटर आहेत. जून २०२१ मध्ये त्यांना कोविड झाला. दुसरी लाट आपल्याकडं किती रेंगाळली ते इथल्या सगळ्यांना आठवत असेल. बाकीचं राज्य सावरायला लागलं होतं आणि आपली अजून बेडसाठी फोनाफोनी चालू होती. ते आठवडाभर ऑक्सिजनवर होते. स्टेरॉइडची इंजेक्शनं झाली, व्हेंटिलेटरची वेळ आली नाही. घरी आले तेव्हा सासूबाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि आम्ही सगळे म्हणालो, सुटलो.

जुलैच्या शेवटी महापूर आला. पाणी गल्लीच्या तोंडाला लागलं तसं ह्यांनी आणि दिरांनी मिळून फ्रिज, गहू-तांदळाची पोती, माझी शिलाई मशीन, सगळं वरच्या मजल्यावर चढवलं. त्या दिवशी काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांना अंथरुणातून उठता येईना. ताप नाही, खोकला नाही, ऑक्सिजन ९७. तेव्हापासून जे सुरू झालंय ते कमीजास्त होत आजपर्यंत चालू आहे.

होतं असं की आज जास्त काम झालं तर आज काही होत नाही. उद्या किंवा परवा होतं. गाडी धुतली, लग्नाला जाऊन आले, मुलाच्या शाळेत पालकसभेला तासभर उभे राहिले, की दोन दिवसांनी अंग मोडून येतं, डोकं जड, उजेड आणि आवाज सहन होत नाही, बोलताना शब्द सापडत नाही. "ते... ते हे दे गं" म्हणतात आणि बोट मिक्सरकडं असतं. उभं राहिलं की छातीत धडधडतं. आंघोळ करून आले की पलंगावर बसून राहतात, जणू पन्हाळा चढून आलेत.

कामावर टूल ऑफसेट टाकताना दशांश चिन्ह चुकलं आणि टूल जाऊन जॉबवर आपटलं. वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. कंपनीनं सांभाळून घेतलं, पण त्या दिवसापासून हे स्वतःच्याच हाताला घाबरतात. घरी आल्यावर जेवले नाहीत.

फाइल जाड झालीय. छातीचे डॉक्टर झाले, हृदयाचे झाले, मेंदूचे झाले. एचआरसीटीमध्ये जुने डाग जवळजवळ गेलेत, टू-डी इको चांगला, एमआरआय चांगला. प्रत्येकानं सांगितलं, आमच्याकडचं सगळं नॉर्मल आहे. शेवटी एकांनी मानसोपचार तज्ज्ञांकडं पाठवलं. माझा त्याला विरोध नाही, गेलो, त्यांनी नीट ऐकून घेतलं, झोपेची गोळी दिली, झोप सुधारली. पण दोन दिवसांनी आडवं पडायचं ते तसंच राहिलं.

आता मूळ अडचण. हे लहानपणापासून तालमीत गेलेले. आमच्याकडं कुठल्याही दुखण्याला एकच औषध, घाम काढ. त्यांचे वस्ताद घरी आले, प्रेमानंच आले, म्हणाले, "अंग सुस्तावलंय पोरा. आधी पन्नास बैठका, मग हळूहळू वाढीव." ह्यांनी मनापासून सुरू केलं. चार-पाच दिवस जमलं आणि नंतर महिनाभर खाटेवर. सासूबाई म्हणतात, "आराम लई झाला, म्हणून अंग धरलंय." शेजारची म्हणते नजर लागलीय. दीर तोंडावर बोलत नाहीत, पण त्यांना आळस वाटतो हे मला कळतं. आणि ह्यांनाही ते कळतं, हे सगळ्यात वाईट आहे.

माझे प्रश्न तीनच. एक, कोल्हापुरात या आजाराची अशी एक ओपीडी, एक डॉक्टर, कुठं आहे का, की आयुष्यभर एका दारातून दुसऱ्या दारात फाइल नाचवायची? दोन, व्यायाम करायचा की नाही? तीन, नोकरीचं काय? पगार एकवीस हजारांच्या आतला आहे, ईएसआय (कामगार विमा) कापलं जातं. रजा संपत आल्यात.

पुण्या-मुंबईला जा असं कृपया सांगू नका. चार तास गाडीत बसून गेले तर परत आल्यावर काय होईल ते मला माहीत आहे.

गडहिंग्लज_एमडी

वहिनी, मी मेडिसिनचा डॉक्टर आहे, तुमच्याच जिल्ह्यातला. पेशंट बघितल्याशिवाय निदान करणार नाही. पण तुम्ही जे लिहिलंय ते इतकं नेमकं आहे की कुठल्या दिशेला शोधायचं ते सांगू शकतो.

"आज केलं, परवा भोगलं" हे यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य. थकवा शेकडो आजारांत असतो. श्रम केल्यानंतर काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनी सगळीच लक्षणं वाढणं आणि ती दिवसेंदिवस न उतरणं, हे वेगळं लक्षण आहे. लाँग कोविडच्या बऱ्याच पेशंटमध्ये ते दिसतं. जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्टोबर २०२१ मध्ये या आजाराची व्याख्या केली. साधारणपणे कोविड होऊन तीन महिने झाल्यावरही त्रास असणं, तो किमान दोन महिने टिकणं आणि त्याला दुसरं कारण न सापडणं. म्हणजे रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून आजार नाही असं होत नाही. दुसरं कारण नाही एवढंच त्या रिपोर्टांनी सिद्ध केलं. तुमची जाड फाइल वाया गेलेली नाही, निम्मं काम तिनं केलंय.

राहिलेलं निम्मं. उभं राहिल्यावरची धडधड कुणी मोजली का? इको आडवं झोपवून करतात, ईसीजी पण झोपवूनच. ज्याचा त्रास उभं राहिल्यावर होतो त्याची तपासणी झोपवून केली तर ती नॉर्मलच येणार. घरी बीपीचं मशीन असेल तर सकाळी, चहाच्या आधी, दहा मिनिटं शांत झोपवा. नाडी आणि बीपी लिहून घ्या. मग भिंतीला खांदे टेकवून, टाचा भिंतीपासून थोड्या पुढं ठेवून उभं करा. बोलायचं नाही, पाय हलवायचे नाहीत. दर मिनिटाला नाडी, जमेल तसं बीपी, दहा मिनिटं. तुम्ही शेजारीच उभ्या राहा आणि चक्कर आली तर लगेच थांबवून झोपवा. बीपी फारसं न पडता नाडी मिनिटाला ३० किंवा जास्त ठोक्यांनी वाढली आणि वाढलेलीच राहिली, तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडं जा. मोठ्या माणसांत याला पॉट्स म्हणतात आणि कोविडनंतर तो बऱ्याच जणांत आढळलाय. यावर करण्यासारखं पुष्कळ आहे.

हे झालंय का तेही बघा: हिमोग्लोबिन, थायरॉइड, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), बी-१२, फेरिटिन (लोहाचा साठा). स्टेरॉइड झालीत म्हणून विचारतो, जांघेत किंवा मांडीत दुखतं का, लंगडतात का? स्टेरॉइडनंतर खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होऊ शकतो, त्याची एमआरआय वेगळी असते. घोरतात का, झोपेत श्वास अडकतो का, हेही सांगा.

छातीत दुखणं, बेशुद्ध पडणं, एकाच पायाला सूज, थुंकीतून रक्त, चालल्यावर ऑक्सिजन घसरणं, यातलं काही झालं तर फोरमवर लिहीत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

आता तुमचा पहिला प्रश्न. २०२०-२१ मध्ये राज्यात ठिकठिकाणी पोस्ट कोविड ओपीडी चालू झाल्या होत्या, पेशंट कमी झाले तशा त्या नेहमीच्या ओपीडीत मिसळून गेल्या. दारावर पाटी शोधू नका. एक मेडिसिनचा डॉक्टर शोधा जो फाइल स्वतःकडं ठेवायला तयार आहे. तो कुणाकडं पाठवेल तिकडं जायचं आणि परत त्याच्याकडंच यायचं. खर्च परवडत नसेल तर सीपीआर. ते कोल्हापुरातलं सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे. मेडिसिन, छाती, मानसोपचार, कान-नाक-घसा, फिजिओथेरपी असे विभाग एकाच ठिकाणी मिळतात. केसपेपर मेडिसिनचा काढा आणि पहिल्याच वाक्यात "थकवा आहे" म्हणू नका. "जून २०२१ च्या कोविडनंतर श्रम केल्यावर दोन दिवसांनी पडतात आणि उभं राहिल्यावर नाडी वाढते" असं म्हणा. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरला दोन मिनिटं असतात, त्यातलं पहिलं वाक्य काम करून जातं. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं ऑक्टोबर २०२१ मध्ये कोविडनंतरच्या त्रासांसाठी डॉक्टरांना मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, त्यामुळं तुम्ही काहीतरी जगावेगळं विचारताय असं वाटून घेऊ नका.

बैठका आजपासून बंद. याच्यावर नंतर सविस्तर लिहितो, ओपीडी सुरू झाली.

रंकाळा_पहाटे

ताई, तुमच्या मिस्टरांना लवकर बरं वाटो. मला पण दुसऱ्या लाटेत झाला होता, एचआरसीटी स्कोअर चांगलाच जास्त होता. मी गोळ्या बंद केल्या, पहाटे रंकाळ्याला एक फेरी, अनुलोम-विलोम, भस्त्रिका. सहा महिन्यांत ठणठणीत. सारखं आजाराचा विचार केला की आजार वाढतो. पैलवान माणूस आहे, त्यांचं मन खंबीर करा. बसवून ठेवाल तर स्नायू जातील. चुकीचं बोललो असेन तर माफी, पण मनापासून सांगतोय.

इचलकरंजी_बाई

दादा, तुम्ही बरे झालात याचा आनंद आहे, खरंच. पण तुम्ही फेरी मारून आल्यावर दुसऱ्या दिवशी ताजे उठत होता. ज्याला फेरीनंतर दुसऱ्या दिवशी उठताच येत नाही त्याला तीच फेरी सांगणं म्हणजे मोडलेल्या पायाला पळायला सांगणं. मी शिक्षिका आहे, मला २०२२ च्या जानेवारीत घरीच, अगदी सौम्य कोविड झाला, ऑक्सिजन कधीच खाली गेला नाही, आणि तरी मी अजून यातून बाहेर यायचीय. माझं मन खंबीर होतं म्हणूनच मी एवढी पडले. रोज स्वतःला ढकलत राहिले.

ताई, सासूबाईंना एक विचारून बघा. चिकनगुनियाची साथ आली होती तेव्हा ताप चार दिवसांत गेला आणि गुडघे-मनगटं कित्येकांची वर्षभर धरली. तेव्हा कुणी कुणाला आळशी म्हणालं का? विषाणू निघून जातो आणि मागं दुखणं ठेवून जातो, हे आपल्या गावांनी बघितलेलं आहे. माझ्या आईला या एका उदाहरणानं पटलं. त्याच्या आधी डॉक्टरांनी सांगून पटलं नव्हतं.

मला कशानं फरक पडला ते सांगते. औषधापेक्षा जास्त, दमायच्या आधी बसण्यानं. दमल्यावर बसलं तर उशीर झालेला असतो. मी भाजी बसून चिरते, पोळ्या बसून लाटते, न्हाणीघरात प्लास्टिकचं स्टूल ठेवलंय, आंघोळीचं पाणी कोमट घेते कारण कडक पाण्यानं धडधड वाढते. धुणं आणि बाजार एकाच दिवशी कधीच नाही. फळ्यावर लिहिणं बंद केलं, मुलांना आळीपाळीनं लिहायला लावते, त्यांना ते आवडतं. मनगटाला नाडी दाखवणारं स्वस्तातलं घड्याळ आहे, डॉक्टरांनी एक आकडा ठरवून दिलाय, त्याच्या वर गेलं की हातातलं काम ठेवून आडवं व्हायचं. पाहुणे बसलेले असले तरी. हे सुरुवातीला फार जड गेलं.

आणि वही ठेवा. रोज तीन ओळी. काय केलं, झोप कशी, दुसऱ्या दिवशी कसं. महिन्याभरानं तुम्हालाच दिसेल की कशानं पडतात. माझ्या बाबतीत चालण्यापेक्षा बोलणं जास्त भारी पडत होतं. पालकसभा म्हणजे चार जिने. हे वहीशिवाय मला कधीच कळलं नसतं.

वास गेला होता का त्यांचा? माझा गेला आणि परत आला तो वेडावाकडा आला. फोडणीत चटणी पडली की जळक्या टायरचा वास. विचार करा, कोल्हापूर जिल्ह्यात राहायचं आणि कांदा-लसूण चटणी नको! घरातल्यांना वेगळं, मला दहीभात. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी वास घ्यायचा सराव दिला. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी, प्रत्येकाचा वीसेक सेकंद, सकाळ-संध्याकाळ, आणि वास घेताना तो पदार्थ आठवायचा. फार महिने लागले, पण आता तांबडा रस्सा तांबडा रस्सा लागतो. हा एवढा एकच त्रास पूर्ण गेला म्हणून आवर्जून लिहिलं.

शिरोली_टाइमऑफिस

वहिनी, तिसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो. वीसेक वर्षं कारखान्यात टाइम ऑफिस आणि ईएसआयचं काम बघतोय.

ईएसआयमध्ये आजारपणाचा भत्ता आहे. सरासरी रोजच्या वेतनाच्या ७० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. अट अशी की संबंधित सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी. सहामाही म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. ते कामावर जात होते, त्यामुळं बहुतेक बसतंय, पण बिनपगारी फार झाल्या असतील तर आधी दिवस मोजून घ्या.

सर्टिफिकेट ईएसआयच्या डॉक्टरांचं लागतं. खासगी डॉक्टरांची चिठ्ठी नुसती नेली तर काउंटरवरून परत येते. म्हणून आधी ईएसआय दवाखान्यात जाऊन केस उघडा, सगळे कागद झेरॉक्स करून त्यांच्या फाइलला लावा. ओरिजिनल कुठंही देऊ नका. लाँग कोविड हे नाव लांबच्या आजारांच्या यादीत नाही, ज्यात ९१ दिवसांनंतरही भत्ता वाढवून मिळतो. त्यामुळं ते ९१ दिवस जपून वापरा. एकदम सलग घेऊन संपवू नका, डॉक्टरांच्या सल्ल्यानं पडण्याच्या काळातच घ्या.

एक गोष्ट बऱ्याच कामगारांना माहीत नसते. आजारपणाचा भत्ता चालू असताना मालकाला कामगाराला कामावरून काढता येत नव्हतं, ईएसआय कायद्याच्या कलम ७३ मध्ये ते होतं; नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याच्या जागी नवी संहिता आली, म्हणून आताचं ईएसआय ऑफिसात विचारून घ्या. भांडायला जाऊ नका, माहीत असू द्या एवढंच.

पण माझा खरा सल्ला दुसरा आहे. रजेपेक्षा काम बदलून मागा. डॉक्टरांकडून पत्र घ्या आणि त्यात आजाराचं मोठं नाव कमी आणि काम काय जमतं ते जास्त लिहून घ्या. सलग उभं राहून काम नको, नाईट शिफ्ट नको, वजन उचलणं नको, दर तासाला बसायला किंवा आडवं व्हायला दहा मिनिटं, बसून करायचं काम जमेल. एचआरला "पोस्ट कोविड सिंड्रोम, ॲडव्हाइज्ड रेस्ट" यातून काही कळत नाही. मशीनवरचा इतका जुना माणूस म्हणजे ड्रॉइंग वाचणारा, मायक्रोमीटर, व्हर्निअर, बोअर गेज हातातला असणार. फायनल इन्स्पेक्शनला टेबलावर बसून काम असतं, असा माणूस तिथं हवाच असतो. हा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

फुले जन आरोग्य योजनेबद्दल लोक सांगतील. ती मुख्यतः दाखल होऊन करायच्या उपचारांसाठी आहे, या ओपीडीच्या फेऱ्यांना उपयोग होणार नाही. तिच्यामागं वेळ घालवू नका.

गडहिंग्लज_एमडी

व्यायामाबद्दल राहिलं होतं. रंकाळा_पहाटे यांचं म्हणणं एका प्रकारच्या पेशंटला अगदी बरोबर आहे. आयसीयूतून आलेला, फुप्फुसं आणि स्नायू कमी पडलेले, पण श्रमानंतर कोसळत नाही, अशा माणसाला हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम हेच औषध. तो न केल्यानं नुकसान होतं. म्हणून व्यायाम लिहून देण्याआधी डॉक्टरनं एक प्रश्न विचारायलाच हवा, काल जास्त केलं तर उद्या काय होतं? तो प्रश्न फार ठिकाणी विचारला जात नाही आणि सगळ्यांना एकच कागद मिळतो.

श्रमानंतर कोसळणाऱ्याला ठरलेल्या चढत्या क्रमानं व्यायाम वाढवत नेणं धोक्याचं आहे. एमई-सीएफएस म्हणून एक जुना आजार आहे, बऱ्याचदा विषाणूनंतरच सुरू होणारा, लक्षणं हीच. त्यातही पूर्वी असाच चढता व्यायाम सांगत. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेनं २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या सूचना बदलून तो सांगू नये असं म्हटलं. वस्तादांना सांगा की ही पोराची कसूर नाही. ज्यांना त्यांनी बैठकांनी उभं केलं ते पैलवान दुखापतीतून उठले होते. हे दुखणं त्या जातीचं नाही.

बसवून ठेवाल तर स्नायू जातील, ही भीती खरी आहे, तिच्यासाठी फिजिओथेरपिस्ट हवा. पण झोपून करायच्या हालचालींपासून, आणि दोन दिवस थांबून परिणाम बघून मगच पुढं नेणारा. भस्त्रिका सध्या नको, तिनं धडधड वाढू शकते. पोटानं सावकाश श्वास चालेल.

आणि एक सांगून ठेवतो. या आजारावरचं म्हणून मंजूर झालेलं औषध अजून कुठंच नाही. पूर्ण बरं करतो म्हणून कुणी सलाइनचा किंवा इंजेक्शनचा कोर्स सांगितला तर पैसे देऊ नका. लक्षणांवरची औषधं आहेत, ती कामाची आहेत, ती घ्या.

बावड्याची_सून

उत्तर द्यायला उशीर झाला, मुलाची परीक्षा होती.

भिंतीला उभं करून नाडी मोजली. झोपून ७४. उभं राहिल्यावर पाचव्या मिनिटाला १०९, आठव्याला ११८, पाय जांभळट दिसायला लागले आणि त्यांनी हात वर केला, म्हणून थांबवलं. बीपी पडलं नव्हतं. हे सगळं दीर शेजारी उभे राहून बघत होते. त्यांनीच आकडे लिहून घेतले. कुणी काही बोललं नाही, पण दुसऱ्या दिवशी सिलिंडर त्यांनी न सांगता आत आणून ठेवला.

कागद घेऊन मेडिसिनच्या एका डॉक्टरांकडं गेलो. पहिलं वाक्य तुम्ही सांगितलं तसंच म्हटलं. त्यांनी कागद बघितला आणि स्वतः परत उभं करून मोजलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ह्यांना उभं करून तपासलं. मूत्रपिंडाचे रिपोर्ट आणि बीपी बघून मीठ-पाणी वाढवायला सांगितलं, दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी, मीठ घातलेलं ताक. कमरेपर्यंतचे दाबाचे मोजे, आणि नाडीसाठी एक गोळी कमी डोसात. बी-१२ फारच कमी निघालं, त्याची इंजेक्शनं चालू केली. खुब्याचं दुखणं नाही. फाइल मी ठेवतो म्हणाले. मला तिथंच रडू आलं.

मोजे घालणं हीच एक कसरत आहे, उन्हाळ्यात काय होईल माहीत नाही. पण आंघोळीनंतर आता पलंगावर जावं लागत नाही. डोक्याचं मात्र अजून तसंच आहे, शब्द अडतात. आणि परवा सांगून न ऐकता गच्चीवर टाकी बघायला चढले, त्याचे दोन दिवस भोगले. बरे झालेत असं मी म्हणणार नाही.

इचलकरंजीच्या बाई, वही चालू केली. तुमचं खरं निघालं, ह्यांनाही मोबाइलवर बोलणं भारी पडतंय. भावकीतले सगळे प्रेमानं रोज फोन करतात. आता दुपारी दोन ते पाच फोन माझ्याकडं.

टाइमऑफिस दादा, अर्ज दिला. पोच घेतली. एचआरनं इन्स्पेक्शनला घेतो म्हणून सांगितलंय, पण लाइनमधल्या जागेवर, जिथं उभं राहून गेज लावायचं असतं. टेबलाची जागा सध्या भरलेली आहे म्हणतात. हे मान्य करावं का?

शिरोली_टाइमऑफिस

मान्य करू नका, पण नकारही देऊ नका. लिहा की "मी रुजू व्हायला तयार आहे, डॉक्टरांच्या पत्रानुसार बसण्याची सोय मिळावी." लाइनवर गेज लावायला उंच स्टूल चालतं, आमच्याकडं दोघं तसंच करतात, एकाचा पाय अधू आहे म्हणून. स्टूल पाठ टेकता येईल असं मागा. डॉक्टरांच्या नव्या पत्राची प्रत जोडा आणि त्यात ते नाडीचे आकडे लिहून घ्या, ७४ आणि ११८. सुपरवायझरला आजार कळत नाही, आकडा कळतो.

रंकाळा_पहाटे

वहिनी, डॉक्टरांनी घरी करायला सांगितलेली ती भिंतीची तपासणी माझ्या पुतण्याची केली. गेली दोन वर्षं कॉलेजला जात नाही म्हणून आम्ही त्याला बोलत होतो. वय १८. नाडी ४६ नं वाढली. त्याला कोविड २०२२ ला झाला होता. तुमच्या डॉक्टरांकडं नंबर कसा लावायचा ते मेसेजमध्ये कळवाल का?

गडहिंग्लज_एमडी

१९ वर्षांपर्यंतच्या मुलांत ३० नाही, ४० ची वाढ धरतात, त्याची त्याहूनही जास्त आहे. एकदा पुन्हा सकाळी मोजा आणि लवकर दाखवा. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड आधीच करून न्या, फेरी वाचेल. आणि तोपर्यंत त्याला सकाळी रंकाळ्याला नेऊ नका.

बावड्याची_सून

रंकाळा दादा, मेसेज केलाय. सकाळी नऊच्या आत फोन लावा, नंतर लागत नाही. त्याला गाडीत मागच्या सीटवर झोपवून आणा आणि आमची वहीची पानं पाठवते, त्यावरूनच त्याची सुरू करा.